हेलिकॉप्टरसाठी सारवलेलं खळं

चौकशीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी मी पडलेलं हेलिकॉप्टर आवरून ठेवलं.

सगळं नव्हे. मुख्य धूड होतं तसंच कुशीवर पडून होतं. पण पंख्याचे तुकडे, काचा, झाकणं असं जे शेतभर उडालं होतं, ते मी वेचलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि शाळेच्या व्हरांड्यात लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि विज्ञान म्हणजे मांडणी, असा माझा तेव्हा समज होता. शिवाय पाहुणा येणार म्हटल्यावर पसारा कसा दिसू द्यायचा?

साहेब जीपमधून उतरले. किडकिडीत माणूस, बोली नागपूरकडची. माझी ओळ बघून म्हणाले, "सुरेख. कोणी मांडलं?"

मी छाती काढून पुढे झालो.

"छान. आता प्रत्येक तुकडा जिथे होता तिथे नेऊन ठेवा."

ती दुपार मी शेतात तुकडे पेरत काढली. शेताचा मालक बांधावर बसून मला वाट दाखवत होता. "मास्तर, तिकडं नाय. वालाच्या वाफ्यात व्हता तो. तुमीच उचललात ना रं बाबा?"

हे आमचं गाव चौक नावाच्या गावापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. त्या वर्षी घाटावरून विजेच्या तारा न्यायची पाहणी चालली होती आणि त्यासाठी हेलिकॉप्टर आमच्याकडे मुक्कामाला होतं. चाकं नव्हती त्याला. लोखंडी नळ्यांचे दोन लांब पाय, त्यावर ते बसायचं. चालवणारा मुंबईचा तरुण आमच्याच घरी राहत होता. एका सकाळी ते जमिनीवरून हातभर सुटलं, उजवीकडे कललं आणि आडवं झालं. पोराचं मनगट मोडलं, बाकी वाचला.

कारणं मात्र गावात भरपूर होती. चौकच्या ढाब्यावर म्हणे पेट्रोलमध्ये पाणी निघालं. मी घाटातून उतरणाऱ्या वाऱ्याचा सिद्धांत काढला आणि फळ्यावर बाण काढून अख्ख्या दहावीला पटवून दिला. कंपनीच्या लोकांनी सगळ्यात सोपं कारण धरलं: पोराचा हात चुकला. तसं ठरलं असतं तर त्याचं उडणं कायमचं संपलं असतं. आणि वाईट म्हणजे त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं. संध्याकाळी तो ओटीवर बसून माझ्या बायकोचं लाटणं यंत्र वळवायच्या दांड्यासारखं गुडघ्यात उभं धरायचा आणि चांगल्या हातानं डावीकडे ओढायचा. पुन्हा, पुन्हा.

"वहिनी, मी दांडा डावीकडेच घेतला होता."

"घेतला असशील रे. आता सोड ते, मला भाकऱ्या नाही, पोळ्या करायच्यात."

साहेबांनी पहिल्या दिवशी यंत्राला हातही लावला नाही. ते खळ्यावर उकिडवे बसले.

खळं म्हणजे आमच्याकडे भात झोडायला करतात ते. माती भिजवायची, तीत तूस कालवायचा, चोपून चोपून फरशीसारखी करायची आणि वर शेणानं सारवायचं. कण मातीत जात नाही, धूळ उडत नाही. हेलिकॉप्टर आलं त्या दिवसापासून गावातल्या पापडांवर, हंड्यांवर, देवांवर धुळीचा थर बसत होता. तेव्हा माझ्या बायकोनं चार बायका जमवल्या आणि ठरवलं, की या बयेलाही खळं पाहिजे. मशीन दोन दिवस सुट्टीचं उभं होतं, पोरगा मुंबईला गेलेला, तेव्हाच करून टाकलं.

साहेब नळ्यांच्या दोन चरांकडे बघत होते. डाव्या पायाचा चर गुळगुळीत, पिठातून बोट ओढल्यासारखा. उजव्याचे काठ फुटलेले, वरचा पापुद्रा गायब. तो पापुद्रा कुठे? यंत्राच्या उजव्या नळीलाच, कौलासारखा गोल होऊन चिकटलेला. तो खरवडून काढायचं माझं राहून गेलं होतं. चौकशीला माझं सहकार्य म्हणाल तर तेवढंच.

"या आंब्याची सावली कुठवर येते?" त्यांनी विचारलं.

"डाव्या अंगाला, दिवसभर," मालक म्हणाला.

"आणि हे सारवलं कोणी?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी आंब्याकडे पाहिलं. बायको चहा घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली.

"मी. बाकीच्या होत्या, पण सांगितलं मी. नळीच्या खालीसुद्धा हात घालून लिंपलं. कोपरा सोडला की सारवण कसलं?"

मला वाटलं, आता साहेब भडकणार. ते म्हणाले, "वहिनी, तसंच पुन्हा करून दाखवाल?"

मग आमच्या अंगणात नळाच्या पाइपाचे दोन तुकडे आले. एक उन्हात, एक गोठ्याच्या सावलीत. बायकोनं दोन्ही लिंपले, अगदी तसेच. मालक म्हणाला, "साहेब, घर बांधताय काय?" साहेब हसले आणि थांबले. लिंपण दोन दिवस तसंच वाळू दिलं. त्या दोन दिवसांत त्यांनी पेट्रोल तपासलं, दांडा तपासला, शाळेत येऊन माझे बाणसुद्धा नीट बघितले.

"अंदाज वाईट नाही तुमचा," म्हणाले. "फक्त त्या दिवशी वारा नव्हता."

इतक्या मायेनं मला कोणी नापास केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मालकानं सावलीतला पाइप उचलला. भातातून डाव निघावा तसा आला. उन्हातल्याला त्यानं दोन्ही हात घातले, ओढला आणि स्वतःच बसकण मारली. "नाय येत."

साहेब त्या पोराकडे वळले. "एक पाय सुटला, एक धरलेला राहिला. मग यंत्र वर जात नाही, धरलेल्या पायावर कलंडतं. एकदा कलंडायला लागलं की दांडा कुठेही घ्या."

"डावीकडे घेतला तरी?"

"तरी."

"पण मी निघायच्या आधी खाली बघितलं होतं. फेरी मारली होती."

"बघितलं असणारच. इतकं सफाईदार लिंपलेलं, की तुला जमीनच दिसली."

पोरगा उठला आणि विहिरीवर जाऊन बराच वेळ पाय धूत बसला. साहेबांनी तिकडे मुद्दाम पाठ केली आणि बायकोकडे आणखी चहा मागितला. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणाकडे कधी पाठ करायची, हे कळणारी थोडी.

पावसाळा संपल्यावर हेलिकॉप्टर पुन्हा आलं. तोच चालवत होता. निघायच्या आधी तो वाकला, दोन्ही नळ्यांखालून हात फिरवला आणि बांधावर उभ्या असलेल्या माझ्या बायकोला हात जोडले. तिनं पदर तोंडाला लावला. ते डोंगराआड जाईपर्यंत ती हलली नाही.

घरी येताना मी समजूत घालायला लागलो. "तुझी काही चूक नव्हती गं. तू चांगल्यासाठीच केलंस."

"ते मला कळतं," ती म्हणाली. "माझी चौकशी झाली, निकालही लागला. पण घरात स्वतःचं ताट न उचलणारा माणूस दुसऱ्याचं शेत आवरायला गेला, त्याची चौकशी कोणी करायची?"