सिस्टरांचा वैताग

‘आधी बाळ म्हणा!’ चष्मा कपाळावर ढकलून सिस्टर ओरडायच्या. खालापुरात माझ्या मिठाईच्या दुकानासमोर बाळंतपणाचा दवाखाना आहे, तिथल्या त्या जुन्या नर्स. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांनी ‘मुलगा की मुलगी?’ विचारलं, की त्यांचं डोकं फिरायचं. मुलाचे पेढे, मुलीची बर्फी हा माझा धंदाच, त्यामुळे मीही सुटत नसे. ‘तुमीच बिघडवलंय लोकांना,’ म्हणत पाव किलो बर्फी मात्र न्यायच्या.

अशी सदा वैतागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. सिस्टरांचा वैताग खरा होता, हे मला पळसदरीच्या एका बाळामुळे कळलं.

त्या बाळाचं अंग धड मुलासारखं नव्हतं, धड मुलीसारखंही नव्हतं. आजी पेढे घ्यायला आली, तशा सिस्टर तिच्या मागोमाग रस्ता ओलांडून आल्या. ‘आजी, पोटात सुरुवातीला सगळ्यांचं अंग सारखंच असतं. मुलाचं, मुलीचं मागनं घडतं. किडनीवरची ग्रंथी बिघडली, तर मुलीचं अंगही मुलासारखं दिसतं. त्याचं काय नाय हो. पण अशा बाळाच्या अंगातलं मीठ निघून जातं, जिवावर बेततं. मुंबईला नेऊन रक्त तपासा.’

‘आमाला डोळं हायत,’ आजी म्हणाली. ‘मुलगा हाय. किलोभर पेढं द्या.’

त्यांनी बाळ घरी नेलं. सिस्टरांचे फोन कुणी उचलेना. शेवटी रजा टाकून त्या पळसदरीला गेल्या. चहा मिळाला, बाळ काही हातात मिळालं नाही.

‘म्हणे, आमच्या पोराला पोरगी करायला आलीस!’ माझ्या काउंटरवर हात आपटत त्या सांगत होत्या. ‘अरे, आधी जगू तर द्या त्याला!’ त्यांना रडू आवरेना. मलाही संताप आला, पण संताप येऊन करणार काय?

बारशाच्या दिवशी ओकून ओकून बाळ मलूल झालं, तेव्हा कुठे मुंबईला नेलं. फार उशीर झाला होता. मुलगी होती, वेळेत आणली असती तर औषधांवर जगली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

पुढे सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या. परवा त्या आजीची सून, त्या बाळाची आई, दुकानात आली. तिला पुन्हा दिवस गेले होते.

‘सिस्टर हायत का वो? या येळी आदीच इचारायचं व्हतं.’

त्या नाहीत, हे सांगताना माझा जीव तुटला. मी स्वतः तिला समोर घेऊन गेलो. नव्या नर्सबाईंनी हसून विचारलं, ‘काय गं, काय हवंय? मुलगा की मुलगी?’

‘जगणारं,’ सून म्हणाली.