झोपेत माग चालवणारे आप्पा

आमचे थोरले दीर झोपेत माग चालवायचे. दुपारी जेवून भिंतीकडेच्या खाटेवर आडवे झाले, डोळा लागला, की त्यांचे पाय हलू लागत. एकदा उजवा, एकदा डावा. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबाव्यात तसे. मी लग्न होऊन वडगावात आले तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं आणि मला हसू आवरेना. थोरल्या जावेनं, म्हणजे आक्कानं, डोळ्यांनीच मला दटावलं. चादर ओढून तिनं ते पाय झाकले आणि हळूच म्हणाली, "हसू नगं गं. कामावर हाईत ते."

घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची आमच्याकडं रीत नव्हती. त्यामुळं इतकी वर्षं एका छपराखाली काढूनही मी त्यांच्याशी बोलले ते आक्काच्या तोंडून, नाहीतर भिंतीला उद्देशून. पण बोलायचं नसलं की माणूस पाहतो फार. मी आप्पांना भरपूर पाहिलं आहे.

गडी तसा गर्विष्ठ, हे आधीच सांगून टाकते. घरात दोन माग होते, एक आप्पांचा आणि एक माझ्या नवऱ्याचा. आप्पांच्या लुगड्याची वीण इतकी घट्ट की पाणी ओतलं तर खाली उतरायला वेळ लागेल, असं ते स्वतःच सांगत. आजारपण म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ आळस. आळीत कुणी तापानं पडला तर हे त्याच्या दारात उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "काय रं, बाळंतीण झालास व्हय?" पलीकडच्या भीमाला तर पाय मोडला तेव्हा महिनाभर हेच ऐकावं लागलं. लोक हसत. भीमाही हसायचा बापडा, करतो काय!

आणि मग आप्पांचीच पाठ धरली. त्यांनी किती दिवस लपवलं कोण जाणे. खड्ड्यातून वर येताना मागाच्या खांबाला धरून उठत आणि वर म्हणत, "खांब हालतोय का बगत हुतो." पाठीवर उंचवटा दिसायला लागला तेव्हा माझ्या नवऱ्यानं भांडून त्यांना मिरजेला नेलं. मणक्यात क्षय निघाला. डॉक्टरांनी नडगीच्या हाडाचा तुकडा काढून पाठीच्या मणक्यांना जोड दिला. त्या काळी आमच्या आळीत हे कुणाला खरं वाटेना. पायाचं हाड पाठीत? बायका मला खोदून खोदून विचारायच्या.

महिने गेले, आणि आप्पा बैलगाडीतून आडवे घरी आले, छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं की हाडाला हाड धरायला वर्ष लागेल. त्याआधी वाकून काम केलं आणि जोड निसटला, तर पायही जातील. पुढं कामावर कधी बसायचं ते पुन्हा तपासून ठरवू.

आप्पांनी ऐकलं काय? फक्त "कधी बसायचं" एवढंच. कुणी समाचाराला आलं की विचारण्याआधी हेच सुरू करत, "बसतो की. बसत न्हाय कुटं म्हणतोय? श्रावण सरू दे." श्रावण सरला की गणपती. लोक चांगल्या मनानं येत, त्यांना 'बाळंतीण' कुणीही म्हटलं नाही. पण प्रत्येकाच्या तोंडाकडं ते त्याच शब्दाची वाट बघत असल्यासारखे पाहायचे. भीमा आला की तोंडावर पांघरूण घेऊन झोपेचं सोंग करायचे. आक्का त्यांचं अंग पुसायला लागली की भिंतीकडं मान वळवायचे. लाजेनं माणूस इतका बारीक होतो हे मी तेव्हा पाहिलं.

त्यांचा माग मात्र तसाच होता. अर्धं विणलेलं लुगडं त्यावर, वरून पांढरं फडकं. त्याला कुणी हात लावत नव्हतं, कारण आमच्या आळीत एक पद्धत होती. गड्यानं मागावर लावलेला ताणा, म्हणजे उभे धागे, त्यानंच विणून उतरवायचा. तो मेला तरच तेराव्यानंतर घरातलं कुणीतरी त्याच्या खड्ड्यात बसून उरलेलं विणून काढी, आणि मग तो खड्डा त्याचा होई. म्हणजे फडक्याखालचा तो ताणा आप्पा जिवंत असल्याची खूण होता. आणि ते कामाचे राहिले नाहीत याचीही. खाटेवरून तो समोरच दिसायचा.

प्लास्टर निघून कातडी पट्टा आला. आधार घेऊन ते उभे राहू लागले. दसरा आला. खंडेनवमीला माग धुऊन पुजायचे, त्या दिवशी चालवायचे नाहीत. दसऱ्याला सकाळी प्रत्येकानं आपल्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा टाकायचा आणि शेजाऱ्यांनी दारावरून जाताना तो आवाज ऐकायचा. त्या सकाळी आक्का विहिरीवर गेली होती, माझा नवरा आपट्याची पानं आणायला. मी चुलीपुढं होते. एकाएकी माग वाजला. आमच्या मागांचे आवाज मला ओळखू येत, हा आप्पांचा होता. खरं सांगते, आधी आनंदच झाला. मग डॉक्टरांचं बजावणं आठवलं.

माग थांबला. मी बाहेर येऊन पाहिलं तर कातडी पट्टा खाटेवर पडलेला, तो घालून वाकता येत नाही म्हणून सोडलेला. आप्पा खड्ड्यात बसले होते, दोन्ही हातांनी मागाची फळी धरून. पाय उचलत नव्हते. मी रस्त्यावर धावत जाऊन ओरडले. माणसं आली, त्यांत सगळ्यांत पुढं भीमा. त्यांनी आप्पांना उचलून वर काढलं. धोतर ओलं झालं होतं. आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भीमानं आपल्या खांद्यावरचं उपरणं आप्पांच्या कमरेवर टाकलं आणि दार लावून घेतलं.

जोड थोडक्यात वाचला होता. पुन्हा मिरज, पुन्हा प्लास्टर. पायांत हळूहळू जीव आला. या वेळी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, ताठ बसून करायचं काम पुढं बघू, खड्डा मात्र नाही. घरी आल्यावर थोड्या दिवसांनी एका सकाळी आप्पा छताकडं बघत म्हणाले, "संक्रांतीला बसतो."

आक्का भाकरी थापत होती. तिनं हात धुतले. आरशापुढं जाऊन कुंकू ठसठशीत लावलं, मागावरचं फडकं काढलं आणि आप्पांच्या खड्ड्यात उतरली.

आप्पा म्हणाले, "मी मेलो व्हय गं?"

"तुमी मरू ने म्हणूनच हे," आक्का म्हणाली, आणि तिनं धोटा टाकला.

आळीत काय काय बोललं गेलं! कपाळी कुंकू असताना नवऱ्याचा ताणा उतरवला, जितेपणी त्याचं तेरावं घातलं. आक्का ऐकून घेई आणि विणत राही. आप्पांचं तोंड भिंतीकडं. पण संक्रांत आली आणि गेली, त्यांना बसायला जागाच उरली नव्हती.

बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, कांड्या रहाटावर भरायचं काम माझ्याकडं होतं. आमच्याकडं ते बायकांचं काम. गड्यानं रहाटाला हात लावायचा नाही. मग मी बाळंत झाले. कांड्या संपल्या आणि दोन्ही माग थांबले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी उठायला लागले, तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "धाकटे." आप्पांनी मला अशी हाक कधीच मारली नव्हती. "पडून ऱ्हा. पडायला काय लाज न्हाय." मग आक्काला म्हणाले, "रहाट हिकडं सरकव."

त्या दिवसापासून आप्पा पुन्हा कामावर लागले. स्टुलावर ताठ बसून, रस्त्याकडं पाठ करून ते कांड्या भरत. दारात पाऊल वाजलं की घोंगडी रहाटावर टाकत आणि बिडी शोधल्यासारखं करत. सगळ्या वडगावाला ठाऊक होतं, तरी घोंगडी पडायचीच. 'लाज न्हाय' म्हणून मला जे दोन शब्दांत देऊन टाकलं, ते त्यांना स्वतःला कधी घेता आलं नाही. फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोण? मला तर बोलायचीच बंदी.

स्वातंत्र्य यायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी भीमासकट आळी जमली होती. आप्पा शुद्धीत नव्हते. मी सवयीनं पायांकडं पाहिलं. पाय स्वस्थ होते. उजवा हात मात्र चादरीबाहेर आला होता आणि हवेत गोल फिरत होता, सावकाश, एका लयीत, रहाटाची मूठ धरल्यासारखा. इतक्या माणसांसमोर! मी पुढं होऊन चादर ओढायला गेले.

आक्कानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कामावर हाईत ते."