अठरा डिग्रीतले हातमोजे

दहा-बारा माणसं एका खोलीत रोज आठ तास बसली की किस्से आपोआप साठतात. अंबरनाथच्या आमच्या डेटा एन्ट्रीच्या ऑफिसातले माझ्याकडचे किस्से मात्र बहुतेक हातमोज्यांचेच आहेत. सर्व्हर आमच्याच खोलीत होता. तो तापू नये म्हणून साहेब एसी अठरावर ठेवायचे आणि रिमोट स्वतःच्या ड्रॉवरमध्ये. बाहेर मे महिना आणि आत आमची बोटं काकडलेली.

* * *

पहिला प्रयोग सुनंदाताईंचा. त्या आमच्यात सगळ्यात सीनियर, अर्धी नोकरी टाइपरायटरवर काढलेल्या. त्यांनी स्कूटीवर मुली घालतात तसले उन्हाचे हातमोजे आणले. हात उबदार झाले, पण एका बोटाखाली दोन-दोन बटणं दाबली जायला लागली. संध्याकाळी साहेबांनी यादी उघडली, तर निम्मे पाटील ‘पाट्यिल’ झालेले. साहेब म्हणाले, “ताई, हे कुठल्या गावचे?”

* * *

मग ताई आणि मी उल्हासनगरच्या मार्केटात गेलो. ऐन उन्हाळ्यात लोकरीचे हातमोजे मागितले म्हणून सिंधी दुकानदाराने विचारलं, “शिमला जा रहे हो?”

ताई शांतपणे म्हणाल्या, “नहीं, ऑफिस.”

त्याने माळ्यावरचं खोकं उतरवलं. ताईंनी एकेक जोडी घालून मूठ वळून पाहिली, काउंटरवर टाइप केल्यासारखी बोटं नाचवून पाहिली. जाड होते ते बाजूला सारले. शेवटी एक पातळ जोडी घेतली आणि घरी जाऊन बोटांची टोकं कापली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोकर उसवत उसवत अंगठ्याच्या मुळाशी आली. तेव्हा ताई स्वतःच विणायला बसल्या.

* * *

वनिता तेव्हा नवीन लागली होती. बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यावरची, घरातली पहिली बारावी पास. तीन महिन्यांची ट्रायल. सकाळी तिचा स्पीड चांगला असायचा, दुपारी गारठ्याने बोटं वळायचीच नाहीत. शनिवारी दुपारी शेवटची टेस्ट, असं साहेबांनी सांगून टाकलं. ते ऐकून ती जिन्यात बसून रडली.

शुक्रवारी ताईंनी तिच्या हातात सुती दोऱ्याची जोडी ठेवली. बोटं उघडी, कडा पक्क्या शिवलेल्या, मनगटाच्या वर चार बोटं येणारी.

“मनगट गरम ठेव. बोटं चालतील,” एवढंच त्या बोलल्या.

वनिता पास झाली. साहेबांनी टेस्टचा कागद दोनदा पाहिला, मग ताईंच्या टेबलाशी येऊन हळूच विचारलं, “माझ्या मापाची होईल का एक?”

* * *

आणि हा किस्सा वनिताच्या वडिलांचा. ती परमनंट झाली तेव्हा ते भाताच्या लावणीतून एक दिवस काढून ऑफिस बघायला आले. इस्त्रीचा शर्ट, नखांत चिखल. साहेबांनी मानाने खुर्ची दिली, ती नेमकी एसीखाली. ते गुमान बसले आणि पोरीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही हात काखेत घातले. मी जवळ जाऊन म्हटलं की काका, थंडी वाजत असेल, बाहेर बसा.

त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही.

“वाजू दे,” म्हणाले. “पोर सावलीत बसलीय ना.”