थुक म्हणेपर्यंत

निरोप आला तेव्हा माझ्या तोंडात करडईचं तेल होतं. सकाळची वेळ, मी न्हाणीच्या कडेला उकिडवी बसलेली. नणंदेचा मुलगा कळंबहून फटफटीवर आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "मामी, आजी गेली." आजी म्हणजे माझी सासू. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. दोन महिने लेकीकडं राहायला म्हणून गेल्या होत्या. मी गाल फुगवून त्याच्याकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी नाही, तोंडातून शब्द नाही... त्या बिचाऱ्याला वाटलं, मामीला धक्का बसला. धक्का कसला डोंबलाचा! तेल होतं तोंडात. आणि तेल असताना बोलायचं नाही हा नियम घालणारी बाई गेली, तरी नियम काही तिच्याबरोबर गेला नव्हता.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. आता त्यांचा महिनाही होऊन गेला, तेव्हा जे चांगलं आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे मी मोकळी. आत्यांचे दात. ऐंशी ओलांडली तरी सगळे जागच्या जागी, आणि त्या दातांनी त्या सुपारी फोडायच्या. आमच्यात माती देताना माणसाला बसवून पुरतात. आत्यांना बसवलं तेव्हा तोंड जरासं उघडं राहिलं होतं, आणि बायका रडायचं थांबवून दात बघत होत्या. "म्हातारी बत्तिशी घिऊन चालली गं," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. झालं. चांगलं इथं संपलं.

मी लग्न होऊन भूमजवळच्या या गावात आले ते मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. वय चौदा. घर वाण्याचं, खाऊनपिऊन सुखी, आणि घरात आत्यांचा शब्द. सासरे गादीवर बसून दुकान बघायचे, पण घरातली चूलसुद्धा आत्यांना विचारून पेटायची. आणि चुलीच्याही आधी दात. सूर्य वर यायच्या आत सगळ्यांनी दात घासलेले पाहिजेत. गडीमाणसांना बाभळीची काडी, त्यात काही तक्रार नव्हती. बायकांचं मात्र सगळं आत्यांच्या हातात. राखुंडी त्या स्वतः करायच्या. गोवरीची राख, भाजलेलं मीठ, हिरड्याची पूड, सगळं फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. बोटाला जराही खरखर लागली तर पुन्हा चाळायची. पण राखुंडी नंतर. आधी तेल. घाण्याच्या करडईच्या तेलाची पितळी वाटी त्या पुढं करायच्या, मी घोट तोंडात घ्यायचा, आणि या गालातून त्या गालात खुळखुळवत बसायचं. गिळायचं नाही, बोलायचं नाही, आणि आत्या "थुक" म्हणेपर्यंत थुंकायचं नाही. तेल पातळ होऊन ताकासारखं पांढरं व्हायचं, गाल भरून यायचे, दाढांची मुळं दुखायची. आत्या आपल्या दुसरीकडंच बघत बसायच्या.

पहिल्याच महिन्यात मी एकदा न सांगता थुंकले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तेवढा उथळपणा त्यांच्यात नव्हता. त्यांनी वाटीत करंजाचं तेल ओतलं, अगदी कडूजहर, आणि ते तोंडात धरायला लावलं. त्या दिवशी मला जेवण नाही. "आज थुकलीस ती थुकलीस. आता माझ्या शब्दाआधी थुकलीस तर म्हायेरचं गठुडं बांधायचं, आन् मग ह्या उंबऱ्यात पाय टाकायचा न्हाय." मी मान डोलवली. आमच्या घरात सासू-सुनेचं कधी वाजलं नाही म्हणून सगळं गाव कौतुक करायचं. कसं वाजणार? भांडणाच्या वेळेला माझं तोंड भरलेलं असायचं.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझं माहेर बार्शीकडं, म्हणजे इंग्रजी मुलखात. मध्ये सरहद्द, करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, आणि रझाकारांच्या दहशतीनं माणसं दिवसासुद्धा रस्त्याला लागायची नाहीत. अशा दिवसांत एका सकाळी माझा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. मी न्हाणीपाशी, तोंडात तेल. दादाचं तोंड बघूनच मला कळलं.

"पारू, आईचं काय खरं न्हाय. सारखं तुझं नाव घेतीया. ऊठ, गाडी जुपलेलीच हाय. उन्हं वर आली की नाक्यावर लई झडती घेत्यात."

मी उठून उभी राहिले आणि आत्यांकडं बघितलं. त्या राखुंडी चाळत होत्या. हात थांबला नाही. "आमी कोन अडवनार? इचारा की तिलाच. यायचं आसंल तर सांगंल."

दादा माझ्यापुढं आला. "पारू, बोल की गं! येतीस का न्हाय?"

मी आत्यांकडं बघतेय, त्या फडक्याकडं बघतायत. एक शब्द, एवढासा शब्द त्यांनी टाकायचा होता. ओसरीवर माझे मालक उभे होते. त्यांच्याही तोंडात होती बाभळीची काडी, पण काडी काढून माणसाला बोलता येतं. ते बोलले नाहीत. मी मान हलवली, हात केले, दादाला काही उमगेना, तेल ओठाच्या कडेनं गळ्यापर्यंत ओघळलं, आणि आत्या शांतपणे म्हणाल्या, "बगा, जीव लागलाय पोरीचा सासरी. पाय निगना तिचा." दादा मला वेडी म्हणाला नाही, की शिवी दिली नाही. मग कमरेची एक पुडी काढून त्यानं ओट्यावर ठेवली. "आईनं लवंगा दिल्यात. तुझी दाढ दुखती म्हनून कुनीतरी सांगितलं व्हतं तिला." आणि गेला.

गाडीच्या चाकांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता. तो थांबला तेव्हा आत्या म्हणाल्या, "थुक."

चार दिवसांनी आई गेली. सरहद्दीवर इतकी गडबड होती की मला कळलं तेव्हा तिचे दिवससुद्धा होऊन गेले होते. दादानं पुढं जन्मभर माझ्या दारात पाऊल टाकलं नाही. आईनं मरताना माझ्या दाढेची काळजी केली, आणि मी सासर सोडेना, असं त्यानं घरी जाऊन सांगितलं असणार. त्या लवंगा? आत्यांनी कुटून राखुंडीत घातल्या. म्हणाल्या, "वास ग्वाड हाय." त्या राखुंडीनं मी पुढचे कितीतरी दिवस दात घासले.

वर्षं गेली. मोगलाई गेली, सासरे गेले, मालक गेले. आत्यांचे हात थरथरायला लागले तशी तेलाची वाटी माझ्या हातात आली. आता मी भरायची, त्यांनी तोंड उघडायचं. आणि गंमत बघा, माझ्या शब्दाशिवाय त्या थुंकायच्या नाहीत. नियम म्हणजे नियम. कळंबला जायच्या आदल्या सकाळी त्यांचे गाल भरलेले असताना मी समोर बसले आणि विचारलं, "आत्या, त्या दिवशी मला थुक का म्हणला न्हाईत?" त्या बघत राहिल्या. मीही बघत राहिले... चांगली बघत राहिले. शेवटी म्हणलं, "थुका."

त्या थुंकल्या, त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं होतं, आता तरी काहीतरी मऊ बोलतील. "गेली आसतीस तर माघारी आली नसतीस. माझ्या भाकरी कुनी थापल्या आसत्या?" आणि उठता उठता म्हणाल्या, "माझी आई मेली तवा माझी सासू मला थुक म्हनली व्हती व्हय?" तेच आमचं शेवटचं बोलणं. त्यांना माफ केलं का म्हणून विचारतात बायका. नाही केलं.

आता घरात माझी नवी सून आहे. दुकानातली पेस्ट लावते, फेस काढते. परवा तिच्या हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, तशी म्हणाली, "आत्या, मला पण तेल द्या की, तुमच्यासारखं." मी फळीवरची पितळी वाटी काढली. आत्या गेल्यापासून घासली नव्हती, ती घासून घेतली. तेल ओतलं. "किती वेळ धरायचं?" तिनं विचारलं. "मी सांगते," मी म्हणाले. पोरगी गाल फुगवून बसली. दारात दूधवाला हाका मारत होता, दुधाचं भांडं तिच्या हातातच. तिनं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या डोळ्यांकडं बघून मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

"थुक," मी म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले.