पाच नंबरची सरळ रेघ

“या आठवड्यात चौथ्यांदा माझ्या लेकाचं काम बंद पाडलंस,” सासूबाई ताट पुढे ढकलत म्हणाल्या. “भोंगा वाजवताना पोकलेनवर घरचाच माणूस बसलाय, एवढं तरी दिसतं का?”

“वहिनीला सवय झालीय, आई,” दीर म्हणाला. “नवऱ्यावर चालत नाही, मग माझ्यावर वाजवते.”

धाकटी जाऊ फिसकन हसली. नवरा मान खाली घालून जेवत राहिला.

शाळेच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं परीक्षानळ्या धुतल्यावर थोरलीला हे भोंग्याचं काम मिळालं होतं. बंद पडलेल्या कारखान्याचा गाडलेला विषारी कचरा उकरताना वाफ उठते. ती बाहेर किती जाते, हे कुंपणावरच्या सात पेट्या मिनिटामिनिटाला सांगतात. पत्र्याच्या खोलीत बसून तिनं पडद्यावरच्या सात रेघा बघायच्या. एखादी मर्यादेवर गेली की भोंगा. मग खणणं बंद आणि खड्ड्यावर ताडपत्री. मजूर तिला भोंगाबाई म्हणत. ते नाव दिरानंच घरी आणलं होतं.

“आज पाच नंबरची रेघ दोन तास हलली नाही,” ती म्हणाली. “साधा ट्रक गेला तरी हलते. म्हणून बघायला गेले. पेटीच्या हवा ओढणाऱ्या नळीला पिशवी बांधलेली, वरून रबर. पिशवी काढली तर आकडा मर्यादेच्या तिप्पट.”

“मग मी काय करू?” दीर म्हणाला.

तिनं मोबाइलवरचा फोटो त्याच्यासमोर धरला. पिशवी औषधाच्या दुकानातली होती. वर पेनानं धाकटीचं नाव, खाली ‘सातवा महिना’.

“पाच नंबरची पेटी आपल्या मोरीमागच्या कुंपणावर आहे, भाऊजी. त्या दोन तासांत तिथं कपडे कोण वाळत घालत होतं, विचारा.”

दिरानं बायकोकडे पाहिलं नाही. धाकटीचा हात पोटावर गेला. मग ती ताडकन म्हणाली, “तुम्हाला माझं पोटच खुपतंय, ताई! स्वतःचं कधी आलं नाही ना!”

सासूबाई ‘गप’ म्हणाल्या नाहीत.

“घरातलं घरात राहू दे,” नवरा पहिल्यांदाच बोलला. “त्याची नोकरी जाईल.”

“अहवाल मघाशीच पाठवला, नावासकट,” ती म्हणाली. “उद्या भाऊजींना फाटकावरच अडवतील. सकाळी त्यांचा डबा भरू नका.”