आधी ठसा, मग कात्री

धाकटीनं फॉरेन्सिक सायन्सला प्रवेश घेतला, तेव्हा आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं, "पोरगी आता खुनी पकडणार."

दादा म्हणाला, "आधी घरातला साखरचोर पकड म्हणावं." आईला मधुमेह होता, त्यामुळे या विनोदावर ती हसली नाही.

धाकटीच्या वर्गात बावीस जण होते. निकालानंतर दोन वर्षांत कोण कुठे लागलं, हे ती बोटांवर मोजून सांगायची. एक मैत्रीण विमा कंपनीत दिवसभर सह्या तपासत होती. एक जण खाजगी गुप्तहेराच्या कचेरीत होता, म्हणजे गाडीत बसून लोकांच्या नवऱ्यांवर पाळत ठेवत होता. एक रसायनं विकायची बॅग घेऊन प्रयोगशाळांचे उंबरठे झिजवत होता. दोघी कॉलेजात शिकवत होत्या, पुढच्या बावीस जणांना. बाकीच्यांनी बँकेच्या परीक्षा दिल्या. सरकारी प्रयोगशाळेत पोचली एकटी धाकटी, तीही अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. "नशीब काढलंस हो!" असे फोन आले.

या नशिबाची खोली तळमजल्यावर होती. जाळीची एक खिडकी, लांब टेबल, आणि भिंतींत मुरलेला वास, जो घरी जाऊन केस धुतले तरी उशीवर उतरायचा. विषबाधेच्या संशयानं गेलेल्या माणसांचे पोटातले अवयव बरण्यांतून इथे येत. बरणीभोवती कापड शिवलेलं, गाठींवर लाल लाख, लाखेवर पोलीस ठाण्याचा शिक्का. सोबतच्या पत्रावर त्याच शिक्क्याचा नमुना ठसा. दोन्ही जुळले, तर पुडकं वाटेत कुणी उघडलेलं नाही. मग ते वरच्या मजल्यावर रसायनतज्ज्ञांकडे जायचं.

खोलीत तीस वर्षं काढलेले शिपाईमामा होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "आधी ठसा, मग कात्री. ही लाख पापडासारखी असते, पोरी. एकदा तुटली की कुणाच्या बापाला जोडता येत नाही."

धाकटी वर्षभर तशीच वागली. पण दिवसाला पस्तीस-चाळीस पुडकी येत. रजिस्टरात प्रत्येकापुढे 'शिक्के शाबूत, नमुन्याशी जुळतात' असं लिहायचं असे. तिच्या आधीच्या सगळ्यांनी जे केलं, तेच हळूहळू तीही करू लागली. सकाळी आल्याबरोबर पहिल्या ओळीत वाक्य लिहायचं आणि खाली पान संपेपर्यंत डिट्टोच्या खुणा ओढून ठेवायच्या. चाळीस ओळी, चाळीस खुणा. पुडकी मागाहून यायची. जे जुळत नसे, त्याच्यापुढची खूण खोडायची. तसं वर्षातून चार-पाचदाच घडे.

एका मंगळवारी सदतीस पुडकी आली. बत्तीसावं एका तेवीस वर्षांच्या लग्न झालेल्या बाईचं होतं. ते घेऊन आलेला हवालदार घाई करत होता, पावतीसाठी हात पुढे करून उभा होता. धाकटीनं कात्री चालवली आणि मग पत्र उलगडलं. नमुन्यात गोल कड आणि मध्ये चांदणी होती. तिनं टेबलावर पाहिलं. लाखेचे पाच-सहा तुकडे झाले होते आणि बाकीचा चुरा आधीच्या एकतिसांच्या चुऱ्यात मिसळून गेला होता. एका तुकड्यावर कड दिसत होती. ती कुणाची, सांगता येईना.

मामांनी पाहिलं. पुढचं पुडकं तिच्याकडे सरकवलं. रजिस्टरात बत्तीसाव्या ओळीत खूण सकाळपासून होतीच.

वरून अहवाल आला, विष सापडलं. धाकटीला हायसं वाटलं. विष सापडलं म्हणजे बरणी त्या बाईचीच असणार, असं तिनं मनाशी धरलं.

चौदा महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं. आरोपी त्या बाईचा नवरा होता. त्याच आठवड्यात कायम करायच्या चौघांची यादी मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती, आणि धाकटीचं नाव तिसरं होतं. साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"रजिस्टरात आहे ते वाचायचं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. काय?"

"पण सर, तो शिक्का मी..."

"मी ऐकलं नाही," साहेब म्हणाले आणि फाइल उघडली. "दार ओढून घे जाताना."

कोर्टाच्या व्हरांड्यात एक वाळकी बाई बाकावरून उठून तिच्याकडे आली. हातात लेकीचा फोटो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

"तूच ना गं? विष शोधणारी?"

"मी नाही, मावशी. मी फक्त पुडकं उघडलं."

"तेच ते. तू नसतं उघडलंस तर माझ्या लेकीचं कुणी ऐकलं असतं?" बाईनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "नीट सांग हं बाळा. घाबरू नकोस त्याला."

साक्षीच्या पिंजऱ्यात धाकटीनं रजिस्टर वाचलं. शिक्के शाबूत, नमुन्याशी जुळतात. सरकारी वकील समाधानानं खाली बसले.

बचावाचे वकील वयस्कर होते, आवाज अगदी मऊ. "ताई, त्या दिवशी एकूण किती पुडकी आली?"

"सदतीस."

"पान जरा कोर्टाला दाखवता? अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. या तीन ओळींत नाव नाही, नंबर नाही. मात्र शिक्के शाबूत आहेत आणि नमुन्याशी जुळतातही. न आलेल्या पुडक्यांचे शिक्के तुम्ही कसे जुळवलेत?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. खुणा चुकून खाली ओढल्या गेल्या, बत्तीसावा ठसा मात्र मी स्वतः जुळवला, एवढं म्हणणं पुरेसं होतं. सरकारी वकील मानेनं तिला तेच सुचवत होते. समोर ती बाई पिशवी छातीशी धरून बसली होती. धाकटीला वाटलं, विष खरं आहे, खूण तेवढी खोटी आहे. आणि आपण शपथ घेतली आहे ती खुणेची, विषाची नाही.

"बोला ताई. बत्तीसावा ठसा जुळवून पाहिला होतात?"

"नाही," ती म्हणाली. "आधी कापला. मग पाहायला ठसाच उरला नव्हता."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. ही बरणी त्या मृत बाईचीच, वाटेत कुणी उघडली नाही, असं खात्रीनं सांगता येत नव्हतं. संशयाचा फायदा मिळून नवरा सुटला. धाकटी निकाल ऐकायला गेली होती, मागच्या बाकावर बसली होती. बाहेर पडताना व्हरांड्यातल्या त्या बाईनं तिला गाठलंच. धाकटी शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी राहिली.

बाईनं एवढंच विचारलं, "मग त्या बरणीत माझी पोर होती की नव्हती?"

धाकटीला 'होती' म्हणावंसं फार वाटलं. पण तिनं पाहिलं नव्हतं.

यादीत तिचं नाव राहिलं नाही. अकरावा महिना भरला आणि पुढचं पत्र आलं नाही. निघताना मामांनी डबा भरून पेढे नव्हे, तर तिची कात्री दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. "हजार जणांनी तशाच खुणा ओढल्या गं," ते म्हणाले. "बोललीस तू एकटी." हे कौतुक होतं की ठपका, तिला कळलं नाही.

आता धाकटी त्या मैत्रिणीच्या शेजारच्या टेबलावर बसून विमा कंपनीत सह्या तपासते. प्रत्येक अर्जाला आधी नमुना सही लावते, भिंगाखाली दोन्ही पाहते, मग शेरा लिहिते, पूर्ण, प्रत्येक ओळीत.

मैत्रीण चिडवते, "अगं, डिट्टो मार की! पेन झिजेल तुझं."

ती बाई वर्षातून एकदा येते. पहिल्यांदा पत्ता कुणी दिला, कोण जाणे. रखवालदार आता तिला आत सोडतो. ती टेबलासमोर बसते, पाणी पिते, आणि पिशवी मांडीवर ठेवून विचारते, "बाळा, आठवतोय का गं तो शिक्का? एवढासा तरी?"

धाकटी दर वेळी डोळे मिटून खरंच आठवून पाहते. टेबल, जाळीतून येणारा उजेड, हवालदाराचा पुढे आलेला हात, लाल चुरा. एका तुकड्यावरची गोल कड. चांदणीपर्यंत ती कधीच पोचत नाही.

"नाही आठवत, मावशी."

"बरं," बाई म्हणते, आणि आणखी थोडा वेळ बसून राहते.