होप्पीचं झबलं

मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या चौकात, कॅथीड्रलसमोरच्या बाकावर बसून मी होप्पीच्या पोटावर कैरीचं लोणचं सांडलं.

होप्पी म्हणजे माझ्या लेकीच्या, अवनीच्या वर्गातला पांढराशुभ्र कापडी ससा. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या त्या दुसरीच्या वर्गात पद्धतच होती: कुणाच्या घरचं माणूस परगावी निघालं की होप्पीनं सोबत जायचं, फोटो काढून घ्यायचे, आणि परतल्यावर त्या मुलानं त्याचा प्रवास वर्गाला सांगायचा. २००६ साली कंपनीनं मला मेक्सिकोला धाडलं आणि कधीपासून ताटकळलेल्या अवनीचा एकदाचा नंबर लागला.

पुएब्ला म्हणजे स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं गाव, घरांच्या भिंतींवर रंगीत फरशा. फोटो झकास आले. मग मला भूक लागली. लोणचं सांडलं ते सांडलंच, वर हॉटेलात मी साबण लावला. हळदीचा पिवळा डाग लालभडक झाला!

लोणचं सासूबाईंचं. नंदिनीताई, मुक्काम मिरज, तेव्हा आमच्याकडे आलेल्या. जर्मन येत नसल्यामुळे त्या सगळ्यांशी मराठीतच बोलत. "अरे, थांब रे बाबा," म्हटलं की बसचा ड्रायव्हरही थांबायचा. मी निघताना त्यांनी माझ्या हातावर दही घातलं आणि होप्पीच्या पंजाला नुसता चमचा टेकवला.

"पांढऱ्या कपड्यातलं लेकरू आहे. जपून न्या, उल्हासराव."

परतलो तर त्या दारातच उभ्या. भाकरी नव्हती, म्हणून बेकरीतल्या पावाचा तुकडा आम्हा दोघांवरून ओवाळला. तेवढ्यात अवनीनं ससा उलटा केला.

"नाइन, पापा! नाही!"

ती पलंगाखाली शिरली. सोमवारी शाळेत जाणार नाही, हे तिनं तिथूनच जाहीर केलं, तेही जर्मनमध्ये.

"मेक्सिकोतली चटणी सांडली म्हणून सांगू," मी तोडगा काढला.

"परक्या गावावर आळ कशाला? लोणचं माझं, सांडणारे तुम्ही."

सासूबाईंनी बॅगेतून जांभळा खण काढला. माझी बायको देवश्री ओरडली, "अगं आई, तो माझ्या दिवाळीचा!"

"मग याला काय दिवाळी नाही?"

रविवारी दिवसभर बसून त्यांनी होप्पीला झबलं शिवलं, वर कुंची. मग अवनीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "हे थंडीसाठी हं, लपवायला नाही. वर करून दाखवायचं आणि झालं ते सांगायचं."

सोमवारी अवनीनं पुएब्ला दोन वाक्यांत उरकलं आणि झबलं वर केलं. पापानं काय काय केलं ते मात्र तिनं साग्रसंगीत सांगितलं, साबणासकट. वर्ग हसून लोळला. पोरांनी रांग लावून होप्पीच्या पोटाचा वास घेतला. झबलं काढायचं नाही, असं वर्गानं एकमतानं ठरवलं. घरी आलेली अवनी आजीच्या गळ्यातून सुटेना.

दुसऱ्या दिवशी मी तिला सोडायला गेलो, तर फाटकातली यच्चयावत पोरं माझ्याकडे बघून साबण लावल्यासारखं पोट चोळू लागली.

"आई, पार अब्रू गेली हो माझी," मी घरी येऊन म्हणालो.

सासूबाईंनी कोथिंबीर निवडता निवडता वरसुद्धा पाहिलं नाही.

"तुमची गेली, पोरीची राहिली."